कायम होईपर्यंत

“केसांले काय लावलं व?”

नोकरीच्या पहिल्या सकाळी भंगाळे नानांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, बस म्हणणं नाही. जळगावच्या एका दूध संघाच्या डॉकवर, म्हणजे दूध उतरवायच्या धक्क्यावर, मी नवी साडी नेसून, हातात नेमणुकीचा कागद घेऊन उभी होते. मागे कॅन भरलेला टेम्पो येऊन लागला होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

“तेल लावलंय. जास्वंदीचं,” मी म्हटलं.

“मंग घरी जाय. डोकं धुऊन ये. वासाचा साबण नको लावू.”

“नाना, पहिलाच दिवस आहे माझा. उशीर झाला तर...”

“उशीर चालते. वास नाही चालत.”

मी खोलीवर जाऊन थंड पाण्यानं डोकं धुतलं आणि ओल्या केसांनी परत आले. तेव्हा कुठे नानांनी मला नाव विचारलं. शैलजा खारगे, राहणार इचलकरंजी, दुग्धशास्त्राची पदविका. पदविकेचं नाव ऐकून नाना नुसते हसले आणि त्यांनी माझ्या हातात एका कॅनचं झाकण दिलं.

आमचं काम सांगायला सोपं होतं. गावागावांहून दुधाचे कॅन येत. ते मोठ्या टाकीत रिकामे करण्याआधी प्रत्येकाचं झाकण उघडायचं, त्याची आतली बाजू नाकाशी न्यायची आणि एका श्वासात ठरवायचं की हा कॅन पुढं जाईल की बाजूला राहील. यंत्रावरच्या तपासण्या नंतर. आधी नाक. कारण एक आंबूस कॅन टाकीत गेला तर सगळी टाकी गेली. नाना हे काम ऐन उमेदीपासून करत होते आणि आता त्यांच्या हाताखाली मला तयार व्हायचं होतं.

तयार होणं म्हणजे एकेक गोष्ट सोडणं, हे मला आठवड्याभरात कळलं. गजरा बंद. पावडर बंद. उदबत्ती लावून कामाला यायचं नाही. आणि कांदा-लसूण तर तोंडातसुद्धा घालायचं नाही, कारण आपल्याच श्वासाचा वास आपल्या नाकाशी भांडतो. आता मी इचलकरंजीची पोर, लसणाच्या चटणीवर वाढलेली. आईनं बरणी भरून दिलेली चटणी मी खोलीच्या मालकिणीला दिली तेव्हा मला अक्षरशः रडू आलं.

पण रडून सांगायचं कुणाला? मी परिविक्षेवर होते. सहा महिने. त्या सहा महिन्यांत संघाला माझं काम पटलं तर मी कायम, नाही पटलं तर घरी. कारण सांगायचंही बंधन त्यांच्यावर नव्हतं. नेमणुकीचा कागद घरी आला तेव्हा मीच तो सगळ्यांना वाचून दाखवला होता. काम समाधानकारक न वाटल्यास, वर्तणूक योग्य नसल्यास, विनापरवाना गैरहजर राहिल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.

“त्ये तिसरं परत वाच,” आण्णा म्हणाले होते. आण्णा म्हणजे माझे वडील. दुसऱ्याच्या यंत्रमागावर जन्म गेलेला माणूस.

मी परत वाचलं.

“बगितलंस? गैरहजर. एक दीसबी ऱ्हायाचं न्हाई, शैले. मेलं-बिलं कोन तरीबी न्हाई.”

“आण्णा, विनापरवाना असं आहे. परवानगी घेऊन...”

“परवानगी मागायचीच न्हाई! मागनाऱ्याचं नाव सायबाच्या ध्यानात ऱ्हातं. मग कायम करायच्या टायमाला त्येच नाव खाली जातं. मला शिकवू नगंस.”

आण्णा एरवी आवाज चढवणारे नव्हते. त्या दिवशी त्यांनी चढवला. मी त्याला आनंद समजले.

डॉकवरही वेगळं काही ऐकू येत नव्हतं. कॅन धुणारे, वजन करणारे, सगळे नव्या माणसाला हेच सांगायचे की सहा महिने शिंकायचंसुद्धा नाही. माझ्या आधीच्या मुलीला महिनाभरात काढलं होतं आणि तिनं म्हणे चुलत बहिणीच्या हळदीला दोन दिवस मागितले होते. खरं कारण काय होतं कोण जाणे. पण मी घाबरले ती घाबरलेच.

दर रविवारी मी कोपऱ्यावरच्या बूथवरून इचलकरंजीला फोन लावायची. आमच्या घरी फोन नव्हता. ज्यांच्या मागावर आण्णा कामाला जात ते मालक गल्लीच्या खालच्या बाजूला राहत, फोन त्यांच्याकडे होता. निरोप गेला की आण्णा यायचे, आणि फोनवर ओरडूनच बोलायचं असतं अशी त्यांची समजूत होती.

“कायम केलं का?”

“आण्णा, अजून दीड महिनाच झालाय!”

“मी सहज इचारलं. सायेब काय बोलत न्हाई न्हवं?”

“साहेब दिसतच नाहीत मला. मला दिसतात ते कॅन.”

“दिसू नगंतच. बरं हाय.” मग ते खोकायचे. खोकला बराच वेळ चालायचा आणि माझे पैसे त्यातच संपायचे.

दिवाळीला मी घरी जाऊ का म्हणून विचारलं. दुधाला दिवाळी नसते, डॉक चालूच होता, पण नाना म्हणाले होते की दोन दिवस ते एकट्यानं सांभाळतील, वर कुणाला कळायचंही नाही. आण्णांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. त्यांनी फोन आईकडे दिला. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. सहा महिनं म्हंजे काय जन्म न्हवं.” मी दिवाळीची पहिली अंघोळ बिनवासाच्या साबणानं केली आणि कामाला गेले.

नाक मात्र तयार होत होतं. झाकण उघडलं की मला आता कळायला लागलं होतं, म्हशीनं केळीचा पाला खाल्लाय, की कॅन रात्री ओलाच बंद करून ठेवला होता, की सकाळच्या दुधात संध्याकाळचं मिसळलंय. नाना मुद्दाम दोन चांगल्या कॅनांत एक वाईट कॅन लपवायचे आणि मी तो काढला की तोंड वाकडं करून म्हणायचे, “जमलं. नशिबानं जमलं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या माणसानं माझी तोंडावर कधी स्तुती केली नाही, आणि तरी मी त्यांच्याजवळ सुखात होते.

थंडीचे दिवस होते. सकाळची गर्दी ऐन रंगात आलेली. पहारेकरी धावत आला.

“बाई, तुमचे वडील आले आहेत गेटवर.”

माझा विश्वास बसेना. मी नानांकडे बघितलं. त्यांनी मानेनंच जा म्हटलं. गेटजवळच्या बाकड्यावर आण्णा बसले होते. डोक्याला मफलर, मांडीवर कापडी पिशवी. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मला बघून ते उठले, पण उठताना त्यांनी बाकड्याची पाठ धरली.

“आण्णा! असे न कळवता?”

“भुसावळला लगीन हाय. मालकाच्या पाव्हण्यात. म्हटलं वाटंतच हाय तर...” ते बोलता बोलता थांबले आणि एकदम दटावून म्हणाले, “काम टाकून आलीस व्हय? जा आदी! मी बसतो हितं.”

“अहो, पाच मिनिटं...”

“जा म्हनतो न्हवं!”

मी परत गेले. नानांना सांगितलं तर ते चिडलेच. “बाप इतक्या दुरून आला अन् तू त्याले बाकड्यावर बसवून आली? बोलाव इकडे!” मग नाना स्वतः गेले आणि आण्णांना हाताला धरून डॉकवर घेऊन आले. बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. आण्णा खुर्चीवर बसले नाहीत. कुणी साहेब आला तर बरं दिसणार नाही म्हणाले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले ते सगळा माल उतरेपर्यंत तसेच.

मी काम करत होते आणि माझं अर्धं लक्ष त्यांच्याकडं होतं. एका कॅनचं झाकण मी बाजूला केलं आणि म्हटलं, “हा राहू द्या. नीट धुतलेला नाही.”

ड्रायव्हर तावातावानं म्हणाला, “बाई, आजचं दूध आहे, ताजं!”

“दूध ताजं आहे. कॅन शिळा आहे. बाजूला ठेवा.”

ड्रायव्हर कुरकुरला, पण त्यानं कॅन उचलून बाजूला ठेवला. आण्णा घाईघाईनं इकडेतिकडे बघायला लागले. मला आता कुणीतरी ओरडणार, असं त्यांना वाटलं असावं. कुणी ओरडलं नाही. पुढचा कॅन आला, मी पुढचं झाकण उघडलं. मग आण्णा हसले. तोंडावर मफलर धरून, एकटेच, लहान मुलाला गोष्ट कळावी तसे हसले. माझा बाप एवढा खूश झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

काम संपल्यावर त्यांनी नानांपुढे हात जोडले. “पोरीचं काय चुकलं तर संबाळून घ्या. कायम हुईस्तवर.”

“अहो दादा, तिचं नाक माझ्याहून तिखट होऊन राहिलं,” नाना म्हणाले. “कायले काढतीन तिले?”

“तसं न्हवं. पर कायम...”

“होईन, होईन. तुम्ही घोर नका करू.”

ही माझी पहिली स्तुती. ती नानांनी माझ्या बापाला ऐकवली, मला नाही. आण्णांनी ती दोनदा ऐकून घेतली, कारण पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणाले.

स्टँडजवळच्या खाणावळीत आम्ही जेवायला बसलो. आण्णांनी ताटातलं इकडचं तिकडे केलं, भाकरीचे तुकडे रश्श्यात बुडवून तसेच ठेवले. पिशवीतून त्यांनी एक बरणी काढली.

“तुझ्या आईनं चटणी दिलीया. लसूण न्हाई त्यात. कांदाबी न्हाई. नुसतं शेंगदानं, तीळ आन तिखाट. ह्ये चालंल न्हवं तुमच्या नाकाला?”

“चालेल,” मी म्हटलं. मी बरणी जवळ ओढून घेतली.

पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी माझं डोकं जवळ ओढून छातीशी धरलं. असं ते कधी करत नसत. त्यांच्या शर्टाला स्पिरिटचा वास होता. आणि त्याच्याखाली आणखी एक, गोडसर, शिळा. तो मला कुठल्याच झाकणाखाली भेटला नव्हता.

“आण्णा, दवाखान्यात गेला होता का?”

“छ्या! गाडीत शेजारी कंपौंडर बसला हुता. पिशवीभर बाटल्या घिऊन.”

“आणि हा खोकला?”

“माग चालवनाऱ्याला खोकला न्हाई तर काय हुनार? कापसाची धूळ हाय ती. जायाची न्हाई आता.” ते माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझ्या छातीत जानार न्हाई, बास.”

“कायम झाले की पहिली रजा टाकून येते. तुम्हाला मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन जाते.”

“ने की. निवांत ये.”

त्यांची गाडी येईपर्यंत मी थांबते म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळच्या पाळीला उशीर म्हणून नाव लागायला नको, म्हणाले. स्टँडच्या तोंडाशी जाऊन मी मागे वळून बघितलं. ते उभेच होते. मी जा म्हणून हात केला आणि त्यांनीही मला जा म्हणून हात केला.

पुढच्या रविवारी फोनवर माझा धाकटा भाऊ दिलीप आला. आण्णांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा दिलीपच. मग एकदा आई आली आणि म्हणाली, झोपलेत. आवाज नेहमीचाच होता, फक्त तिनं एकदाही मला जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

मला शंका आली नाही असं नाही. एका दुपारी मी आस्थापना विभागाच्या दारात जाऊन उभी राहिले. सावदेकर साहेब खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. नोकरांच्या नेमणुका, रजा, बढत्या, सगळं त्यांच्या हातात. त्यांनी वर बघितलं.

“काय हो खारगे? काही काम होतं?”

मागणाऱ्याचं नाव साहेबाच्या ध्यानात राहतं. मला आण्णांचा तो चढलेला आवाज ऐकू आला. आता थोडेच दिवस उरलेत, मी मनाला म्हटलं, कायम झालं की लगेच निघायचं.

“काही नाही साहेब,” म्हणून मी परत डॉकवर आले.

मार्चमध्ये मला कायम केलं. सावदेकर साहेबांनी बोलावून हातात पत्र दिलं आणि पेढे कधी म्हणून विचारलं. नानांनी पत्र उलटसुलट करून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, “चांगलं आहे. टाकीत जाऊ द्या.” सगळे हसले. मी त्याच दिवशी चार दिवसांची रजा मागितली. साहेबांनी वर न बघता सही केली. रजा मागणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी घरी फोन केला नाही. अचानक जाऊन उभं राहायचं होतं. पेढ्यांचा पुडा आणि पत्र घेऊन मी सकाळी इचलकरंजीला उतरले. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग धडधडत होते. जो तो आपापल्या कामात, पण मला बघितलं की बायका आत जात होत्या. एका म्हातारीनं मला ओळखलं आणि पदर तोंडाला लावला.

दारात दिलीप बादली घेऊन उभा होता. त्याच्या डोक्यावर केस नुकते उगवायला लागले होते.

मी त्याला ओलांडून आत गेले. आई चुलीपुढं बसली होती. तिनं वळून बघितलं. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

तिनं फक्त एकच विचारलं, “केलं का गं कायम?”

मी होय म्हणून मान हलवली आणि तिथंच जमिनीवर बसले.

आण्णा जाऊन महिना होऊन गेला होता. छातीत गाठ होती. मिरजेच्या डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं की आता घरी न्या, काय खावंसं वाटेल ते द्या. आण्णांनी घरी येऊन पहिली शपथ घातली ती मला न कळवण्याची. जिवंतपणीही नाही आणि मेल्यावरही नाही. कायम होईपर्यंत नाही.

“भुसावळला कसलं लगीन न्हवतं,” आई म्हणाली. “डॉक्टर म्हनला, परवास झेपायचा न्हाई. ह्येनी ऐकलं न्हाई. तिला रजा मिळत न्हाई, मी जातो म्हनलं. येऊन आंथरूण धरलं ते उठलंच न्हाईत. पर रोज सांगायचं. पोरगी कशी वास घेती, डायवर कसा ऐकतो तिचं. आल्यागेल्याला सांगायचं.”

मी रडत होते की ओरडत होते ते मला आठवत नाही. आईवर ओरडले हे मात्र आठवतं. “मला बोलवायचं होतंस! नोकरी गेली असती तर गेली असती! नोकरी दुसरी मिळाली असती!”

“असंच म्हनलं हुतं त्येंच्या आईनंबी,” आई म्हणाली.

मग तिनं मला ते सांगितलं, जे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. तरुणपणी आण्णांना एका सूतगिरणीत नोकरी लागली होती. पक्की नोकरी, वर्दी, दवाखाना, म्हातारपणाची सोय. सहा महिने कच्चे, मग कायम. त्यातले थोडेच उरले होते तेव्हा आई माहेरी बाळंतपणाला गेलेली अडली. तार आली. आण्णा साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि तीन दिवस मागितले. साहेब हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आण्णा गेले. आई वाचली, मूलही वाचलं. परत आले तर फाटकावरच्या माणसानं त्यांना आत घेतलं नाही.

“त्ये मूल तू,” आई म्हणाली. “त्येंची आई म्हनली, नोकरी दुसरी मिळंल. जन्मभर मिळाली न्हाई.”

गिरणीची नोकरी का सोडली, असं लहानपणी मी आण्णांना विचारलं होतं. तिथलं पाणी मला सोसलं नाही, म्हणाले होते. मी त्यावर विश्वास ठेवून मोठी झाले.

दुपारी हौसाआत्या आली. आण्णांची थोरली बहीण, पलीकडच्याच गल्लीत राहणारी. मला कवटाळून तिनं आधी हंबरडा फोडला आणि मग आईकडं हात करून म्हणाली, “हिनं केलं ह्ये! बापाच्या तोंडात पोरीच्या हातचं पानी पडू दिलं न्हाई. त्यो तापात बडबडला आसंल, आजाऱ्याचं कोन ऐकतं? चार पैशाच्या नोकरीपायी बापाचं तोंड बघू दिलं न्हाई पोरीला. मी मरस्तवर बोलनार.”

दिलीपनं मला नंतर सांगितलं की महिनाभर हेच चाललंय. आत्या रोज येते, गल्लीतल्या बायकांना गोळा करून बोलते, आणि आई खाली मान घालून ऐकते. आई रात्रीची झोपत नाही. आपलं चुकलं का रं, म्हणून दिलीपला उठवून विचारते.

माझ्यानं चार दिवसांत परत जाणं होणार नव्हतं. रजा वाढवून मागायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकातल्या बूथवर गेले आणि जळगावला फोन लावला. सावदेकर साहेबांना झालं ते सांगून आणखी पंधरा दिवस मागितले; त्यांनी ते लगेच दिले.

“अहो बाई,” ते म्हणाले, “मग तेव्हाच यायचं ना माझ्याकडं!”

“साहेब, परिविक्षेवर होते मी.”

“मग? परिविक्षेत रजा मिळत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? पगार कापला जातो, एवढंच. जितके दिवस रजा, तितके दिवस मुदत पुढं सरकते. पंधरा दिवस गेला असता तर पंधरा दिवस उशिरा कायम झाला असता. असा प्रसंग असताना कुणी अडवलं असतं का? मी स्वतः गाडीत बसवून दिलं असतं.” मग त्यांनी विचारलं, “त्या दिवशी दारात आला होतात तुम्ही. यासाठीच का?”

रिसीव्हर ठेवला, पैसे दिले आणि बाहेर येऊन बंद दुकानाच्या पायरीवर बसले. पंधरा दिवस. एवढंच द्यायचं होतं. आण्णा भिंतीला टेकून उभे राहिले होते ते, बाकड्याची पाठ धरून उठले होते ते, आजारपणात गाडीत शेकडो मैल बसून आले ते, सगळं कशासाठी, तर कुठंच नसलेल्या नियमासाठी. मला त्या सूतगिरणीच्या साहेबाचा राग आला, जो मी कधी पाहिलाही नव्हता. मग आण्णांचा राग आला. इतका आला की मी त्यांना मनातल्या मनात तुम्ही मूर्ख आहात म्हणाले. आणि मग मला नुसतं रडायला यायला लागलं.

घरी आले तेव्हा आत्या आलेली होती. शेजारच्या दोघीतिघी उंबऱ्याशी बसल्या होत्या. आई आतल्या दाराला धरून उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. त्या महिन्याभरात ती किती म्हातारी झाली होती ते मला तेव्हा दिसलं.

“काय म्हनलं गं सायेब?”

“रजा वाढवली. पंधरा दिवस.”

“ती न्हवं.” तिचा आवाज खाली गेला, पण सगळ्यांना ऐकू आला. “त्येंनी तवा सोडली असती का तुला? बोलवली असती मी, तर?”

आत्या पान लावता लावता थांबली. बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

“नाही,” मी म्हटलं. “मी विचारलं साहेबांना. सोडली नसती. आले असते तर नोकरी गेली असती. आण्णांनी बरोबर केलं.”

आई जागच्या जागी खाली बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. मग ती उठली आणि आत्याच्या समोर येऊन उभी राहिली.

“आक्का, ऐकलंसा? तिचं सायेबच म्हनलं. सोडली नसती म्हनलं.” ती बायकांकडं वळली. “तुमीबी ऐकलंसा न्हवं? सायबानं सोताच्या तोंडानं सांगितलंय. ह्येंचं बरोबर हुतं.”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिला लबाडी लगेच कळायची, सगळी गल्ली तिला त्यासाठी वचकून असायची. तिनं हातातलं पान खाली ठेवलं.

“खरं गं, शैला?” तिनं विचारलं.

“खरं,” मी म्हटलं.